दोन फुटी रीफ टँकला फिल्टर कोणता? कॅनिस्टर, हँग-ऑन, स्किमर, संप आणि गोव्याची हवा

प्रश्न थोडक्यात असा: म्हापशातल्या फ्लॅटमध्ये दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी नवी काचेची टाकी आहे. तिच्यात खाऱ्या पाण्याचा छोटा रीफ, म्हणजे कोरलची (प्रवाळांची) टाकी करायची आहे. दोन क्लाउनफिश, एखादा गोबी मासा, थोडे झोआ आणि मशरूम जातीचे कोरल आणि एक लेदर कोरल. गोड्या पाण्याच्या जुन्या टाकीचा कॅनिस्टर फिल्टर (टाकीखाली ठेवायचा बंद डबा) घरात पडून आहे. तोच लावला तर चालेल, की स्किमर (बुडबुड्यांनी घाण काढणारे यंत्र) आणि संप (फिल्टरसाठी खाली ठेवायची दुसरी टाकी) घ्यावाच लागेल?

आधी उत्तर, मग कारणे. कॅनिस्टर मुख्य फिल्टर म्हणून लावू नका. संपची या टाकीला गरज नाही. ८ ते १० किलो सच्छिद्र दगड, एक चांगला वेव्हमेकर (टाकीतले पाणी हलते ठेवणारा पंप), फ्लॉस (गाळणारा कापूस) आणि कार्बन मावेल असा काठावर अडकवायचा हँग-ऑन फिल्टर आणि दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलणे, एवढ्यावर ही टाकी नीट चालते. स्किमर पुढे घ्या, तोही टेस्ट किटचे आकडे तसे सांगतील तरच.

गोड्या पाण्यात आपण फिल्टरला बॅक्टेरियांचे घर समजतो आणि ते बरोबरही आहे. अमोनियाचे नायट्राइट, नायट्राइटचे नायट्रेट होते आणि ते नायट्रेट झाडे खातात. रीफमध्ये हे सगळे दगडावर होते. दगडाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन खेळतो, तिथे अमोनियाचे नायट्रेट होते. आतल्या बारीक छिद्रांत ऑक्सिजन पोचत नाही, तिथले वेगळे बॅक्टेरिया नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगा पहिले काम छान करतात, दुसरे फारसे करत नाहीत. म्हणून दगड पुरेसा असेल तर फिल्टरकडे एकच काम उरते: उरलेले खाणे, विष्ठा, कोरलचा चिकट स्राव कुजायच्या आत पाण्याबाहेर काढणे. प्रत्येक उपकरण याच कसोटीवर बघा. घाण त्यात नुसती अडकते की तुमच्या हाताने टाकीबाहेर जाते?

कॅनिस्टर इथेच नापास होतो. तो बंद डबा कॅबिनेटमध्ये असतो, उघडायचा म्हटले की अर्धा तास जातो, त्यामुळे महिनोन् महिने उघडला जात नाही. घाण दिसेनाशी होते, पण पाणी तिच्यावरूनच फिरत राहते आणि नायट्रेट चढत जाते. दुसरे कारण आपल्याकडे जास्त महत्त्वाचे. मिरगाच्या पहिल्या वादळात लाईट गेली की डब्यातले पाणी थांबते. तिथल्या बॅक्टेरियांची गर्दी आतला ऑक्सिजन थोड्याच वेळात संपवते, मग ते मरू लागतात आणि कुजका वास येतो. लाईट आली की पंप आपोआप सुरू होतो आणि ते सगळे पाणी थेट टाकीत जाते. ज्यांच्याकडे कॅनिस्टर लागलेला आहे त्यांनी एक नियम पाळावा: वीज दोन तासांहून जास्त गेली असेल तर प्लग काढून ठेवा, डबा उघडा, आतले पाणी ओतून द्या, स्पंज टाकीतून बादलीत काढलेल्या पाण्यात पिळा आणि मगच सुरू करा.

तुमचा जुना कॅनिस्टर टाकून द्यायची गरज नाही. सगळे स्पंज आणि रिंगा काढून त्यात फक्त कार्बनची पिशवी ठेवली आणि दर आठवड्याला धुतला, तर तो उपयोगी पडतो. मात्र जुन्या टाकीत कधी माशांच्या रोगावर तांब्याचे औषध घातले असेल, तर त्यातले स्पंज, रिंगा आणि रबरी नळ्या रीफला वापरू नका. तांबे त्यांत मुरते आणि हळूहळू सुटत राहते. माशांना कळणारही नाही इतक्या तांब्याने कोळंब्या आणि गोगलगायी मरतात.

पाणी बदलण्याला फिल्टर म्हणायला लोक तयार नसतात, पण लहान टाकीत तोच सगळ्यात मोठा फिल्टर आहे. हिशोब सोपा आहे. टाकी काठोकाठ १२७ लिटरची, दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी साधारण १०० लिटर. समजा आठवड्याला नायट्रेट ५ पीपीएमने (लिटरमागे ५ मिलिग्रॅमने) वाढते. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले तर नायट्रेट चढत चढत ५० पीपीएमवर जाऊन स्थिरावते. २० टक्के बदलले तर २५ वर, ३० टक्के बदलले तर साधारण १७ वर. आठवड्याची वाढ भागिले बदललेला हिस्सा, एवढेच ते गणित. फ्लॉस वेळेवर बदलून आणि खाणे आवरून तीच वाढ २ पीपीएमवर आणली, तर २० टक्के बदलात नायट्रेट १० च्या वर जात नाही. सॉफ्ट कोरलना हे पाणी मानवते. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१० पीपीएम या पट्ट्यात राहा. दोन्ही शून्यावर नेण्याचा हट्ट नको. शून्यावर कोरल उपाशी राहतात आणि वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरणारी चिकट डायनोफ्लॅजलेटची साय पसरते. ती घालवणे हिरव्या शेवाळापेक्षा कितीतरी कठीण असते.

आता हँग-ऑन फिल्टर. तासाला ५०० ते ७०० लिटरचा घ्या. सोबत आलेले कार्ट्रिज बाजूला ठेवा. पाणी जिथून आत येते तिथे दोन सेंटिमीटर जाड पांढरा फ्लॉस, त्याच्यामागे जाळीच्या पिशवीत कार्बन. फ्लॉस दर तीन दिवसांनी फेकून नवा घाला. धुऊन परत वापरण्याच्या भानगडीत पडू नका, मीटरभर फ्लॉस स्वस्तात येतो. तीन दिवस का? अडकलेले खाणे तोवर पूर्ण विरघळलेले नसते. आठवडाभर तसाच ठेवला तर खाणे पाण्यात उतरते आणि तुमच्या हातात फक्त तपकिरी कापूस येतो. आत ओढणाऱ्या नळीला पृष्ठभागावरचे पाणी घेणारे तोंड बसवा. खाऱ्या पाण्यावर प्रोटीनची तेलकट साय धरते, ती ऑक्सिजन अडवते आणि प्रकाशही थोडा खाते. काठावर मिठाचे पांढरे थर चढतील. ते ओल्या फडक्याने पुसा, खरवडून पाण्यात पाडू नका, खाली कोरल असेल तर त्यावर मीठ पडून डाग पडतो.

टाकी अजून कोरडी असेल तर याहून चांगला मार्ग आहे: मागच्या बाजूला १० सेंटिमीटरचा कप्पा करून घेणे. काचवाला ६ मिलिमीटरची काच कापून देतो. सिलिकॉन मात्र बुरशीरोधक नसलेले हवे, बुरशीरोधकातली रसायने जिवांना चालत नाहीत. चिकटवल्यावर आठवडाभर पाणी भरू नका. कप्प्याचे तीन भाग करा. पहिल्यात पाणी वरच्या कंगव्यासारख्या खाचांतून पडेल आणि लगेच फ्लॉसच्या ट्रेवर जाईल, ट्रेखाली कार्बन. दुसरा भाग सध्या रिकामा ठेवा, पुढे लहान स्किमर बसवायचा झाला तर तिथेच बसेल. तिसऱ्यात रिटर्न पंप, तासाला ५०० लिटरच्या आसपासचा. स्किमर घ्यायचा विचार असेल तर त्याची रुंदी आधी मोजा आणि मगच पडदे चिकटवा.

या मांडणीत बाष्पीभवनाचा सगळा उतार तिसऱ्या भागात दिसतो, समोरच्या टाकीची पातळी हलत नाही. म्हणून तिथे पाणी कुठवर असावे याची काचेवर मार्करने रेघ मारा. गोडे पाणी घालूनही पातळी रेघेखाली आणि समोरची पातळी नेहमीपेक्षा वर दिसली, तर फ्लॉस तुंबला आहे. तसेच चालू ठेवले तर पंप हवा ओढतो आणि टाकीभर बारीक बुडबुडे होतात.

फिल्टरचा प्रवाह आणि टाकीतला प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिल्टरमधून तासाला ४ ते ६ पट पाणी फिरले तरी भागते. कोरलना मात्र १५ ते २० पट लागते आणि ते वेव्हमेकरचे काम. दगड मागच्या काचेला चिकटवून रचू नका, चार बोटे जागा सोडा. मागे साचलेली घाण कुठलाच फिल्टर ओढू शकत नाही.

दगडाबद्दल गोव्यात विशेष सांगायला हवे. ग्रँड आयलंडच्या आसपासचा किंवा किनाऱ्यावरचा कोरल लागलेला दगड आणू नका. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे ही सगळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या किनाऱ्यावर उरलेले थोडे प्रवाळ टाकीसाठी फोडणे हे कायदा नसता तरी चुकीचेच ठरले असते. चिरा, म्हणजे जांभा दगड, तर अजिबात घालू नका. जांभ्यात लोह भरपूर असते, तो पाण्यात झिजतो आणि शेवाळाला खाद्य मिळते. वजनाला हलका, छिद्रे दिसणारा कोरडा अ‍ॅरागोनाइट दगड किंवा रीफसाठी मुद्दाम बनवलेला दगड घ्या. वाळूही अ‍ॅरागोनाइटचीच, अडीच सेंटिमीटर थराला साधारण १० किलो लागते. आपल्या किनाऱ्यावरची वाळू मुख्यतः गारगोटीची, ती पीएच सावरायला मदत करत नाही. शिवाय तिच्यातल्या काळ्या कणांत चुंबकाला चिकटणारी खनिजे असतात, ती पंपाच्या चुंबकी चकतीवर जाऊन बसतात आणि पंप घरघरायला लागतो.

कोरडा दगड घातल्यावर लगेच मासे सोडू नका. २ पीपीएम इतका अमोनिया घाला, बाटलीतले बॅक्टेरिया घातले तर उत्तमच. तो २४ तासांत शून्य होतो आणि नायट्राइटही शून्य येते, तेव्हा दगड तयार झाला समजा. चार ते सहा आठवडे धरून चाला.

स्किमर कसा चालतो हे कळले की तो कधी लागतो हेही कळते. बारीक बुडबुड्याच्या पृष्ठभागाला प्रोटीन, मेदयुक्त पदार्थ चिकटतात, फेस वर चढतो आणि कपात गडद चहाच्या रंगाचे, वास मारणारे पाणी जमते. घाणीचा अमोनिया होण्याआधीच ती बाहेर पडते, हा त्याचा मोठा गुण. हवा मिसळल्याने ऑक्सिजन वाढतो हा दुसरा. मात्र नायट्रेट आणि फॉस्फेट पाण्यात विरघळून गेले की स्किमर ते काढू शकत नाही. तुमच्या तीन माशांना आणि २० लिटरच्या आठवडी बदलाला तो न लावताही चालेल. पाच मासे झाले, किंवा पाणी बदलणे पंधरवड्यावर गेले, किंवा दोन महिन्यांनंतर नायट्रेट २० च्या खाली राहीनासे झाले, तर घ्या. उत्पादक सांगतो त्याच्या निम्मी क्षमता खरी माना. १०० लिटरला २०० लिटरचा.

नवा स्किमर पहिला आठवडा-दोन आठवडे धड फेस करत नाही, त्याच्या प्लास्टिकवरचे तेल जायला वेळ लागतो. त्या काळात सारखे स्क्रू फिरवू नका. हातावर खोबरेल असताना टाकीत हात घातला, तर चांगला चाललेला स्किमरही काही तास गप्प बसतो. उलट क्लोरीन मारणारे द्रव्य किंवा औषध घातल्यावर तो उतू जातो, म्हणून तेव्हा बंद ठेवा. पाण्याची उंची दोन सेंटिमीटर बदलली तरी फेस बदलतो, म्हणून तो ज्या कप्प्यात आहे तिथली पातळी स्थिर हवी.

एका गोष्टीकडे मात्र नीट लक्ष द्या. स्किमर खोलीतली हवा ओढून पाण्यात मिसळतो. पावसाळ्यात आपण डासांसाठी मशीन लावतो, कॉइल जाळतो, स्प्रे मारतो. त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशके कोळंबी-खेकड्यांना फार थोड्या प्रमाणातही मारक असतात, माशांनाही. हवेची नळी त्या खोलीतून हलवून गॅलरीच्या बाजूने घ्या आणि इमारतीखाली धुराची फवारणी होत असेल तेव्हा स्किमर बंद करा. नळी बाहेरच्या हवेवर ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. दारे-खिडक्या बंद करून एसी लावलेल्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि टाकीचा पीएच ७.८ च्या आसपास घसरतो. बाहेरच्या हवेने तो वर येतो.

संप मोठ्या टाकीला उत्तम. या टाकीला तो घ्यायचाच असेल तर तळाला किंवा मागे भोक पाडलेली टाकी हवी आणि टफन काच असेल तर भोक पडणारच नाही, ती फुटेल. भोक न पाडता नळीने पाणी खाली संपमध्ये नेणारा, काठावर अडकवायचा ओव्हरफ्लो बॉक्स टाळा. त्याच्या नळीत हवा साचली की सायफन तुटतो, खालचा पंप मात्र पाणी वर फेकत राहतो आणि टाकी जमिनीवर उतू जाते. लाईट गेल्यावर वरचे पाणी खाली येते त्याचा हिशोबही करा: ६० गुणिले ४५ सेंटिमीटरच्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे २.७ लिटर. तीन सेंटिमीटर उतरले तर ८ लिटर, शिवाय पाइपमधले. संपमध्ये कायम १२ लिटर जागा रिकामी हवी. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक लहान भोक ठेवा, म्हणजे हवा शिरून उलटा सायफन तुटेल. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात चुना बसतो. जोडणीत पितळेचे निपल किंवा लोखंडी क्लिप कुठेही नको, सगळे पीव्हीसी.

कार्बन १०० लिटरला ४० ग्रॅम पुरे, आरओच्या पाण्यात धुऊन घाला आणि तीन-चार आठवड्यांनी बदला. लेदर कोरल शेजाऱ्यांना त्रास देणारी रसायने पाण्यात सोडतो, त्यामुळे तुमच्या टाकीत कार्बन हवाच. फॉस्फेट काढणारे लोहयुक्त दाणे मात्र फॉस्फेट ०.१० च्या वर गेल्यावरच वापरा, १०० लिटरला १० ग्रॅमपासून सुरुवात. एकदम खाली आणले तर कोरल मिटतात, टोकाकडून पांढरे पडतात. यूव्ही दिवा, बायोबॉल (बॅक्टेरियांसाठीचे प्लास्टिकचे गोळे) यांवर सुरुवातीला पैसे घालवू नका.

पाणी आरओ-डीआयचे (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेले), विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ० दाखवणारे. विहिरीचे पाणी मऊ असले तरी आपल्या मातीमुळे त्यात लोह असू शकते आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. समुद्राचे पाणी फुकट मिळते म्हणून मोह होतो, पण मिरामार किंवा दोनापावला येथे तुम्ही मांडवी आणि जुवारीच्या मुखाशी असता. जून ते सप्टेंबर तिथली क्षारता खूप उतरते आणि गाळही येतो. तयार मीठच वापरा: २० लिटरला साधारण ७४० ग्रॅम, क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. पावसात मिठाची पिशवी दमट होते, वजन वाढते आणि मीठ कमी पडते. म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि शेवटचा शब्द काट्याचा नव्हे, क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा माना. तो ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या.

एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांच्या वर जाते. पंखा लावून ते दोन-तीन अंश उतरते, पण बाष्पीभवन वाढते, दिवसाला दोन लिटर सहज. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पंख्याचा परिणाम निम्मा होतो. उष्ण पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी, त्यात लाईट गेली की पहिली गरज पृष्ठभाग हलता ठेवण्याची असते, फिल्टरची नंतर. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर लावा. १० वॅटचा वेव्हमेकर १५० एएचच्या बॅटरीवर दिवसभराहून जास्त चालतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुणगुणतात आणि तापतात. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा हवापंप ठेवा. बोर्ड टाकीच्या पातळीपेक्षा वर, प्रत्येक वायरला खाली झोळ आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच). खाऱ्या हवेत प्लगच्या पिना हिरव्या पडतात, दर महिन्याला बघा.

फिल्टरची खरी परीक्षा चवथीला असते. घरचे सगळे पाच दिवस गावच्या घरी, फ्लॅट बंद, बाहेर पाऊस. निघायच्या आदल्या दिवशी २० लिटर पाणी बदला. फ्लॉस निघताना काढूनच ठेवा, पाच दिवस कुजण्यापेक्षा नसलेला बरा. स्किमर असेल तर कप धुऊन फेस सर्वांत कोरड्यावर आणा. नवा कार्बन, फॉस्फेट काढणारे नवे दाणे, नवे उपकरण त्या आठवड्यात नको. गोडे पाणी भरायला स्वयंचलित टॉप-अप लावा, पण बादली १० लिटरचीच: सेन्सरवर गोगलगाय बसली आणि सगळे पाणी आत गेले तरी क्षारता ३५ वरून सुमारे ३२ वर येईल, कोरल तेवढे सोसतात. मागे कप्पा असेल तर तिसऱ्या भागात आणखी १० लिटर मावतात का हे आधी ओतून बघा. टॉप-अपच्या नळीचे टोक पाण्याच्या वर ठेवा, बुडाले तर सायफनने बादली रिकामी होईल. टॉप-अप नसेल आणि रोज दोन लिटर उडाले, तर पाच दिवसांत क्षारता ३९ च्या जवळ जाते. परत आल्यावर आधी क्षारता मोजा, फरक असेल तर दोन दिवसांत थोडे थोडे करून ३५ वर आणा, मग फ्लॉस घाला, मग माशांना खाणे.